चूक दाखवणारं कुणी

गुरुप्रसाद आजगावकरला मालवणात सगळे सर म्हणतात. बंदरावरचे जुने मच्छीमार तेवढे अजून 'दाजींचो गुरू' म्हणतात, कारण त्याच्या वडिलांचं, दाजींचं, बाजारपेठेत जाळ्या-दोरांचं दुकान होतं. तो कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती, आणि कोळंबच्या पुलापलीकडे आमची घरंही दोन गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, सोडून. तरीही हा माणूस आयुष्यभर कशासाठी झुरतोय हे मला कळायला वीस वर्षं लागली.

एवढंच माहीत होतं की तो पुण्याला एका संशोधन संस्थेत होता आणि पीएचडी अर्धवट टाकून परत आला. का आला, हेही गावाला ठाऊक होतं. दाजींना काचबिंदू झाला होता. थोरला भाऊ मस्कतला. एक हंगाम दुकान बघून परत जायचं, एवढ्याच बोलीवर गुरू आला. दाजींची नजर त्या हंगामात पार गेली. पण ते दुकान सोडायला तयार नव्हते. गल्ल्यापाशी बसून बोटांनी दोर चाचपायचे आणि तो किती जाडीचा, नवा की उन्हात पडलेला, ते सांगायचे.

"तू जा," ते गुरूला म्हणाले. "माझा काय आसा, मी हातान वळखतंय सगळा."

राहा म्हणाले असते तर गुरू कदाचित भांडून गेलाही असता, असं त्याने मला एकदा सांगितलं. जा म्हणाले, म्हणून त्याचा पाय निघेना. पुढच्या वर्षी कॉलेजात जागा निघाली. त्यानंतर खारेपाटणच्या नर्मदावहिनींशी लग्न झालं, तन्वीचा जन्म झाला, दाजी गेले, दुकान चुलतभावाकडे गेलं. पुण्यातले त्याचे मार्गदर्शक निवृत्त होऊन दिल्लीला मुलाकडे राहायला गेले.

तो तिथे नेमकं काय करत होता, हे मी त्याला विचारलं ते टाळेबंदीत. कॉलेज बंद होतं. माणसं दोन हातांचं अंतर ठेवून गडग्यावरून बोलत होती, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी विषाणू होता. रोगांचं गणित असं काहीसं त्याच्या तोंडून ऐकलेलं, म्हणून मी सहज म्हटलं, "तुझो तो पुण्याचो विषय ह्योच ना?"

"ह्योच नाय. पण ह्याच जातीचो," तो म्हणाला. बोलावं की नाही असं त्याचं चाललं असावं. शेवटी त्याने मला गणपतीच्या शाळेचं, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्याचं, उदाहरण दिलं.

"समज, शाळेत एक साचो आसा. तेच्यातसून शंभर गणपती काढले. एकाचो कान मोडलो. कानमोडके किती?"

"एक."

"आता समज, साचो एकच नाय. काढलेल्या परतेक गणपतीवरसून नवो साचो घेतलो. आणि दुसऱ्याच गणपतीचो कान मोडलो."

"मगे तेच्यावरसून निघाले ते सगळे कानमोडके."

"निम्मी शाळा," तो म्हणाला.

या जातीचे विषाणू पेशीत शिरले की स्वतःच्या नकला काढतात, आणि घाईत काढतात. नक्कल तपासण्याची सोय त्यांच्यातल्या बहुतेकांकडे नसते, असली तरी तोकडी असते, म्हणून चुका राहतात. बहुतेक चुका त्यांनाच मारक ठरतात. एखादी मात्र अशी निघते की औषधाला दाद देत नाही. आत नक्कल कशी निघते, एकाच साच्यावरून की नकलेवरून नक्कल, हे डोळ्यांना दिसत नाही. पण बाहेर पडलेल्या प्रतींमध्ये चुका कशा विखुरल्यात ते मोजता येतं, आणि त्यावरून आत काय घडलं असेल ते गणिताने उलट शोधता येतं. या दोन टोकांच्या मधली जी स्थिती, थोडं हे आणि थोडं ते, तिचं सूत्र गुरू शोधत होता. ते बरंचसं सापडलंही होतं. तेवढ्यात दाजींचे डोळे गेले.

"मगे हंय बसान करूक येय नाय होता?" मी विचारलं.

"केलंय की. खूप वर्सा केलंय." त्याने गडग्यावरची पानं उगाच झाडली. "पण सांगतलंय कोणाक?"

त्या ऑगस्टमध्ये देवेशचा फोन आला. देवेश हा त्याचा पुण्यातला सोबती. दोघं एकाच खोलीत बसायचे आणि एकच फळा वापरायचे. गुरू गावी आला, देवेश परदेशी गेला आणि पुढे बंगळूरला मोठ्या हुद्द्यावर परतला. सुरुवातीला पत्रं झाली, मग दिवाळीचे फोन, मग तेही थांबले. आता देवेशच्या हाताखालची मुलं नव्या विषाणूवर संगणकात प्रयोग करत होती. पेशीतली एकेक नक्कल, एकेक चूक आकड्यांत उतरवून बघायची. आकडे ढिगाने येत होते, पण ते असेच का येतात ते कळत नव्हतं. देवेशला जुनं सूत्र आठवलं.

"गुरू, ते तुझं अजून आहे का रे?" त्याने विचारलं.

ते गुरूला तोंडपाठ होतं.

घरात फोनला रेंज नाही. ती मिळते वर टेकाडावर, काजूंच्या बागेतल्या मांगरापाशी, म्हणजे खोपटापाशी. गुरू रोज दुपारी जेवून वर जायला लागला. खाली हाक ऐकू येईल एवढंच अंतर. पाऊस असला की मांगरात आडोशाला उभा राहायचा, उघडीप असली की दगडावर बसायचा. देवेश असायचा, कधी त्याच्याबरोबर ओमकार नावाचा त्याचा विद्यार्थी. बोलणं तासभर चालायचं, कधी दिवेलागण होईपर्यंत.

पहिलं भांडण लवकरच झालं. गुरूचं सूत्र एक सांगत होतं आणि संगणक दुसरं. गुरूचं म्हणणं, संगणकाला शिकवण्यात पोरांनी घोळ घातलाय. देवेश म्हणायचा, आम्ही सगळं पुन्हा तपासलं. हे बरेच दिवस चाललं. दिवाळी झाली. खळ्यात भात सुकत घातलं होतं आणि नर्मदावहिनी कोंबड्या हाकत बसल्या होत्या, तेव्हा वरून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. त्यांना वाटलं मांगरात कुणी परका माणूस शिरलाय. त्या काठी घेऊन वर गेल्या. तर गुरू एकटाच, फोन कानाला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

झालं होतं असं की ओमकारने फोनवर शांतपणे म्हटलं, "सर, तुमच्या सूत्रात साचा एकदा झाला की कायमचा राहतो. खरं तर तोही काही वेळाने मोडतो. तुम्ही ते धरलेलंच नाही."

एवढी साधी गोष्ट. वीस वर्षं ती चूक त्या सूत्रात होती, आणि सूत्र रोज याच्या डोक्यात होतं.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं तन्वीला बेळगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

"माझा चुकलेला," तो म्हणाला.

"मगे इतको खूश कित्याक?"

तो पायरीवर बसला. "हंय माका सगळे सर म्हणतत. बोर्डार चुकीचा लिवलंय तरी पोरां तसाच उतरवन घेतत. इतक्या वर्सांत 'तू चुकलंस' म्हणणारा कोणच मेळाक नाय. आज मेळला."

ते महिने त्याच्या आयुष्यातले सर्वांत भरलेले होते. दुरुस्ती सोपी नव्हती. साचा मोडतो म्हटल्यावर सगळं गणित नव्याने मांडायला लागलं. पेशीतली सामग्री संपत जाते तसा नकलांचा वेगही मंदावतो, तेही त्यात आणायला लागलं. तो ताटावर बसून बोटाने आमटीत रेघा काढायचा. वर्गात, म्हणजे तेव्हाच्या फोनवरच्या वर्गात, मध्येच थांबायचा. नर्मदावहिनी एकदा गडग्यापाशी मला म्हणाल्या, "भावोजी, हेंका असा हसताना मी लग्न झाल्यापास्ना पयल्यांदाच बघलंय." मी म्हटलं, बरंच झालं की. त्या म्हणाल्या, "होय, बरा झाला." आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या.

दुसऱ्या लाटेत गावात माणसं गेली. आमच्या वाडीतला सुशांत गेला, चाळिशीसुद्धा न ओलांडलेला. गुरू त्याच्या घराकडे बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, आपण जे करतोय ते सुशांतच्या उपयोगाचं नाही. विषाणूच्या चुका किती वाढवल्या तर तो आपोआप कोसळेल, हे अशा गणितातून उद्या कुणाला कळेल. पण उद्या. त्या दिवशी तो वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

मग मे महिन्यात वादळ आलं. तौक्ते. मालवणात ज्याने ते पाहिलं त्याला सांगायला नको. माड आडवे झाले, कौलं उडाली, विजेचे खांब मुळापासून उपटल्यासारखे रस्त्यावर पडले. गुरूच्या मांगराचं छप्पर गेलं, निम्मे काजू मोडले. वीज गेली ती गेलीच. फोन मेले. आम्ही सगळे झाडं तोडण्यात आणि घरं शाकारण्यात गुंतलो होतो, गुरूही होता. पण दुपारी तो कोयता खाली ठेवायचा, पडवीत कागद घेऊन बसायचा आणि लिहायचा. त्या बंद दिवसांतच त्याला ते सापडलं. साचा मोडणं आणि सामग्री संपणं, दोन्ही धरून एक सुटसुटीत मांडणी. संगणकाला तासन्‌तास लागायचे ते तिच्यामुळे चार ओळींत दिसत होतं.

सांगायला मात्र कुणी नव्हतं. तो मला म्हणाला, "बघ." मी बघितलं. मला काय कळणार? मी म्हटलं, छान दिसतंय. त्याने कागद हळूच माझ्या हातातून घेतला.

रस्ते मोकळे झाल्यावर तो स्कूटर घेऊन निघाला. कट्टा, कसाल, वाटेतल्या ज्या गावात रेंज मिळेल तिथे. कसालच्या पुढे हायवेवर फोन जागा झाला आणि देवेशचे सगळे निरोप एकदम आले. आधी काळजीचे होते. ठीक आहेस ना, वादळाची बातमी बघतोय, फोन लागत नाही. मग कामाचे. लेख पाठवायची मुदत जवळ आलीय. मुदत एकदा वाढवून घेतली. आता आणखी थांबता येत नाही, आहे तसा पाठवतोय, तुझं नाव तिसरं आहे.

गुरूने तिथेच कडेला उभं राहून नव्या मांडणीचे फोटो पाठवले. ट्रक जात होते. थोड्या वेळाने उत्तर आलं, 'सुंदर आहे रे. पुढच्या लेखात नक्की वापरू.'

पुढचा लेख झाला नाही. प्रकल्पाची मुदत संपली, मुलं पांगली. ओमकार आणखी कुठे तरी लागला. देवेशचे फोन आधी आठवड्याने, मग महिन्याने, मग सणासुदीला. छापलेला लेख तन्वीने बेळगावहून कागदावर काढून आणला, आम्ही सगळ्यांनी पाहिला. कॉलेजात गुरूचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. प्राचार्यांनी विषाणूचा नायनाट करणारे आपले सर, असं काहीतरी म्हटलं. गुरू मान खाली घालून बसला होता. मला माहीत होतं की त्या लेखात त्याची जुनी, निम्मी दुरुस्त केलेली मांडणी होती. चांगली मांडणी पडवीतल्या कागदावरच राहिली होती.

वादळानंतर मांगराला पत्रे घातले. तो पुन्हा रोज दुपारी वर जाऊन बसायला लागला. आता फोन वाजत नसे.

देवेश आला तो आणखी दोन वर्षांनी, फेब्रुवारीत. बायको, मेहुणा, त्यांची मुलं असे सगळे तारकर्लीला उतरले होते. येतोय असं त्याने कळवल्यापासून गुरूच्या अंगात वारं भरलं होतं. कॉलेजातला टाकून दिलेला फळा रिक्षात घालून आणला, मांगरात टेकवून ठेवला आणि त्यावर नवी मांडणी सुबक अक्षरात उतरवली. शेवटच्या ओळीपाशी एक जागा होती जिथे तो अडला होता. तिथे त्याने प्रश्नचिन्ह ठेवलं. नर्मदावहिनींनी ओल्या काजूगरांची उसळ केली, कारण देवेश मासे खात नाही.

तो एकटाच आला. केस पांढरे, थोडा वाकलेला, बोलायला गोड. जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या. मीही होतो. मग आम्ही वर गेलो. देवेश फळ्यासमोर उभा राहिला. गुरूने त्याच्या हातात खडू दिला आणि बाजूला सरकला.

देवेश बराच वेळ बघत होता. खालून समुद्राचा आवाज येत होता. मग त्याने खडू परत गुरूच्या हातात ठेवला.

"गुरू, मला हे आता जमत नाही रे."

गुरू हसला. "आत्ता आत्तापर्यंत तर माझ्याशी भांडत होतास. साचा कधी मोडतो, किती वेगाने मोडतो…"

"ते मी नव्हतो. ओमकार मला आदल्या दिवशी समजावून सांगायचा. मी लिहून घ्यायचो, पाठ करायचो, आणि तुला सांगायचो." देवेश फळ्याकडेच बघत होता. "बारा-तेरा वर्षं झाली, मी फक्त सह्या करतो. बैठका. मुलाखती. खडू कुठला हातात?"

"मग रोजच ओमकारला माझ्याशी सरळ बोलू द्यायचंस की, कधीमधीच कशाला?"

"द्यायला हवं होतं." देवेश म्हणाला. "पण मग आपलं बोलणं कसं झालं असतं?"

गुरूने देवेशच्या खांद्यावर हात ठेवला. दोघंही फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. वर्षानुवर्षांपूर्वी पुण्यात ते असेच उभे राहत असतील. मला तिथून निघावंसं वाटलं, पण पाय हलवला तर सुकलेली पानं वाजली असती.

थोड्या वेळाने देवेशचा फोन वाजला. बोट ठरवली होती, मुलं डॉल्फिन बघायला थांबली होती. जाताना त्याने नर्मदावहिनींना वाकून नमस्कार केला. त्या संकोचल्या.

त्यानंतर गुरूचं वर जाणं सुटलं. वहिनींनी एक-दोनदा आठवण केली. तो म्हणायचा, जाईन. एक दिवस वहिनी मला बाजारात भेटल्या, हातात सुक्या बांगड्यांची पिशवी. बोलता बोलता मध्येच म्हणाल्या, "फोनार बोलताना तेंचो आवाज येगळोच लागायचो. पोरगेल्यासारको. माझ्यावांगडा बोलताना तसो आवाज तेंचो कधी लागाक नाय, भावोजी. मी काय रागान सांगणंय नाय. पण माका ता होया होता." त्यांनी बांगड्यांचा भाव सांगितला आणि रिक्षा थांबवली.

गेल्या डिसेंबरात ओमकारचा निरोप आला. तो आता पुण्यातच नोकरीला होता, आणि गुरूच्याच जुन्या संस्थेत त्याचं व्याख्यान होतं. 'सर, तुम्ही यावं अशी फार इच्छा आहे.' गुरू नाही म्हणणार होता. वहिनी म्हणाल्या, "मीय येतंय. माका ती जागा बघूची आसा." आणि त्यांनी पिशव्या भरल्या.

पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. इमारत तीच, पण रंग नवा. गुरूची जुनी खोली बंद होती. आत यंत्रांची घरघर, बाहेर पाटी की अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही. गुरूने दारावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. "देवळात उभे रवतत तसे," वहिनी म्हणाल्या. मग व्याख्यान झालं, इंग्रजीत. त्या मागच्या रांगेत बसल्या. शेवटी गुरूने हात वर केला आणि काहीतरी विचारलं. ओमकार पुढे आला, त्याने फळ्यावर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग मान हलवून हसला आणि म्हणाला की हे मला माहीत नाही, मला वाटतं अजून कुणालाच माहीत नाही. एवढं इंग्रजी त्यांना कळलं. चहाच्या वेळी गुरूने त्याला घडी केलेले कागद दिले. ओमकारने ते तिथेच उभ्याने वाचायला सुरुवात केली, आणि त्याचा चहा निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते निघाले. कोल्हापूरपर्यंत गुरू खिडकीबाहेर बघत होता. राधानगरीच्या अलीकडे वहिनींनी विचारलं, "ता तेका म्हायत नाय म्हणालो, ता काय?"

गुरूने वळून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कुणी त्याला घरात विचारलं नव्हतं. त्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

"लांबडा आसा," तो म्हणाला.

"सांगा. फोंडा येवक येळ आसा."

तो सांगायला लागला. आधी अडखळत, मग सरळ. घाटाची वळणं लागली तशा वहिनी पुढच्या सीटचा दांडा धरून ऐकत होत्या. त्यांना गाडी लागते, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. किती कळलं, असं मी त्यांना विचारलं. "थोडा," त्या म्हणाल्या. "मधे एकदा मी चुकीचा समजलंय म्हणान परत सुरवातीपास्ना सांगल्यानी." आवाज पोरगेला होता का, हे मी विचारलं नाही.

कणकवलीला उतरेपर्यंत मालवणची गाडी सुटली होती. पुढची यायला वेळ होता. त्यांनी स्टँडवर वडापाव घेतला, बाकावर बसले, आणि त्याने राहिलेलं सांगितलं.